तीस उषा आणि एक बेट

मराठी माणसाचा पल्ला सांगायचा झाला की लोक अटकेपर्यंत जातात आणि तिथे थांबतात. आमच्या नारायण पेठेचा पल्ला त्याहून पुष्कळ लांबचा आहे. तो उत्तर ध्रुवाला जाऊन टेकतो. १९०३ साली लोकमान्य टिळकांचा ‘दि आर्क्टिक होम इन दि वेदाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गायकवाड वाडा टिळकांकडे आला तो त्यानंतर, १९०५ साली. पण ग्रंथाच्या पुढल्या आवृत्त्यांवर पत्ता याच वाड्याचा आहे. आज ज्याला सारे केसरीवाडा म्हणतात तो माझ्या बिऱ्हाडापासून चालत पाच मिनिटांवर. भाद्रपदात तिथल्या मानाच्या गणपतीला जाताना दर वर्षी एक गोष्ट माझ्या मनात येते: आर्यांचे मूळ घर ध्रुवाजवळ होते असे म्हणणारा माणूस याच दारातून ये-जा करीत होता, आणि त्याने बर्फाळ समुद्र जन्मात पाहिला नव्हता.

वेदांवर बोलण्याचा मला अधिकार नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेलेले नाही. शाळेत भूगोल शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण भूगोलाच्या मास्तराला एक प्रश्न विचारण्याची मुभा असावी. कोणी कुठलाही गाव सांगितला की तो विचारतो, तिथे आहे काय? जमीन कसली, पिकते काय, जनावरे कोणती? लोकमान्यांच्या ध्रुवाला हा प्रश्न विचारावा असे पुष्कळ वर्षे मनात होते.

आधी ग्रंथाची जन्मकथा थोडक्यात सांगतो, कारण ती कोणत्याही कादंबरीपेक्षा सरस आहे. १८९३ साली टिळकांनी ‘ओरायन’ लिहून ज्योतिषाच्या आधारे वेदांचा काळ मागे नेला होता. पुढे १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना शिक्षा झाली. तुरुंगात असताना मॅक्समुल्लर यांनी आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्यांच्याकडे धाडली, आणि सरकारने ती वाचायला, शिवाय रात्री काही तास दिवा लावायला परवानगी दिली. हे टिळकांनी प्रस्तावनेत स्वतःच नमूद केले आहे. म्हणजे सहा महिन्यांच्या रात्रीचे काही दाखले तुरुंगातल्या रात्री, दिव्याच्या उजेडात वेचले गेले! १८९८ च्या सप्टेंबरात टिळक सुटले, वर्षअखेर पहिले हस्तलिखित तयार झाले, आणि छापून यायला आणखी चार-सव्वाचार वर्षे गेली.

या सगळ्या काळात ध्रुवावर कोणीही पोचलेले नव्हते, हे विसरता कामा नये. नॉर्वेचा नान्सेन १८९५ साली ८६ अंशांच्या थोडे पुढे जाऊन परतला. १९०० साली एक इटालियन तुकडी त्याच्याही किंचित पुढे गेली. बस्स. टिळकांच्या हाताशी होते ते ग्रंथ, आणि त्यांतला मुख्य बोस्टन विद्यापीठाचे अध्यक्ष डॉ. वॉरन यांचा. मानवजातीचा स्वर्ग उत्तर ध्रुवावर होता असे त्यांनी १८८५ साली प्रतिपादले होते. त्यांच्याच ग्रंथात कॅप्टन पिम नावाच्या इंग्रज नाविक अधिकाऱ्याने मांडलेला ध्रुवाच्या वर्षाचा जमाखर्च आहे. तो मला अतिशय आवडतो. सूर्य क्षितिजावर १९४ दिवस. मग मावळतीचा संधिप्रकाश ४८ दिवस. मग निबिड अंधार ७६ दिवस. आणि मग पहाट, एकच पहाट, ४७ दिवस. बेरीज करून पाहावी, ३६५ भरते.

या सत्तेचाळीस दिवसांच्या पहाटेवर टिळकांच्या सिद्धांताचा सारा भार आहे. त्यांचा युक्तिवाद असा. आपल्याकडे पहाट तास-सव्वा तासात आटोपते. मग ऋग्वेदातल्या ऋषींनी उषेची एवढी सूक्ते का रचली? तिला अनेकवचनी का संबोधले? उषा दिसू लागल्यापासून सूर्य उगवेपर्यंत अनेक दिवस गेले, असा अर्थ निघणारी ऋचा कुठून आली? तैत्तिरीय संहितेत तीस उषा या तीस बहिणी म्हणून येतात आणि त्या गोल फिरतात, त्या कोणत्या देशातल्या? देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचे एक वर्ष, हे आजीपासून ऐकत आलेलो वाक्य काव्य नसून साधे निरीक्षण असेल तर? दीर्घतमा नावाचा ऋषी दहाव्या युगात म्हातारा होतो, तो दहा महिन्यांनी मावळणारा सूर्य असेल तर? दशग्व आणि नवग्व यांचे सत्र दहा किंवा नऊ महिन्यांत संपते. अदितीचे सात पुत्र राहतात आणि आठवा टाकला जातो. पारश्यांच्या अवेस्त्यात दहा महिने हिवाळा असलेला मूळ देश येतो. एकेक धागा कच्चा वाटेल, पण टिळकांच्या हातात त्यांचा दोर होतो. वकील माणूस, साक्षीदार कोणत्या क्रमाने उभे करायचे हे त्यांना ठाऊक होते.

आता पृथ्वीगोल समोर घ्यावा. मी वर्गात नववीच्या मुलांना टॉर्च आणि गोल घेऊन हे दाखवतो. गोल साडेतेवीस अंश कलता धरून टॉर्चभोवती फिरवला की वरचे टोक कधी सतत उजेडात, कधी सतत काळोखात राहते. एकदा एका मुलाने विचारले, “मग सर, तिथे शाळा किती वाजता भरते?” वर्ग हसला, मला प्रश्न उत्तम वाटला. कारण ध्रुवावर शाळा भरण्याची मुळीच सोय नाही. तिथे जमीनच नाही. नान्सेनच्या ‘फ्राम’ जहाजाने १८९३ ते १८९६ या प्रवासात ध्रुवाकडच्या समुद्राचा तळ तीन हजार मीटरहूनही खोल असल्याचे दाखवले. पुढे १९२६ च्या मे महिन्यात अमुंडसेन ‘नोर्गे’ या हवाई जहाजातून ध्रुवावरून पलीकडे अलास्कापर्यंत गेला, आणि वाटेत खाली तरंगत्या बर्फावाचून काही आढळले नाही.

तेव्हा जमीन पाहायची तर थोडे खाली उतरायला हवे. मी निवडलेली जमीन म्हणजे स्पिट्सबर्गन. अमुंडसेनचे ते हवाई जहाज निघाले होते याच बेटावरच्या नि-ओलेसुंद या गावातून, म्हणून तर नकाशात माझे बोट तिथे थांबले. नॉर्वेच्या उत्तर टोकाहून पुष्कळ वर, ७४ ते ८१ अक्षांशांच्या दरम्यान स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. स्पिट्सबर्गन हे त्यातले सर्वांत मोठे बेट. सगळा समूह आपल्या कोकण विभागाच्या दुप्पट भरेल. त्यातला सुमारे साठ टक्के भाग हिमनद्यांखाली. उरलेल्यात काळे, करवतीसारखे डोंगर आणि त्यांच्यात घुसलेल्या लांबच लांब खाड्या. १५९६ च्या जून महिन्यात विलेम बॅरेंट्स हा डच दर्यावर्दी इथे आला आणि त्याने डोंगरांची टोके पाहून बेटाला हे नाव ठेवले. अर्थ ‘टोकदार डोंगर’. एवढ्या उत्तरेला माणूस वर्षभर राहू शकतो तो अटलांटिकच्या कोमट प्रवाहामुळे. तो या बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला येऊन चाटतो.

हिंदुस्थानचा आणि या बेटाचा एक जुना करार आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये या बेटांविषयी एक तह झाला. सत्ता नॉर्वेची, पण सह्या करणाऱ्या देशांच्या लोकांना तिथे येण्याजाण्याचा आणि उद्योग करण्याचा सारखा हक्क, अशी त्यातली मुख्य कलमे. ब्रिटिश साम्राज्याबरोबर हिंदुस्थानच्या वतीनेही तिथे सही झाली. अर्थात ती करणारा हात इंग्रजाचा होता. टिळक त्या वेळी हयात होते. त्यांना जायला अजून जवळजवळ सहा महिने होते. ध्रुवाकडे आपले घर होते असे म्हणणाऱ्या माणसाच्या हयातीत त्याच्या देशाला ध्रुवाकडच्या एका बेटावर कायद्याने पाय ठेवायला मिळाला. या योगायोगाची मला मोठी गंमत वाटते.

आता सूर्याचे पाहू. नि-ओलेसुंद ७९ अक्षांशाला अगदी लागून आहे. पुण्यात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत फरक पडतो तो सव्वादोन तासांचा. तिथे सूर्य एप्रिलच्या मध्यानंतर जो वर येतो तो ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापर्यंत मावळतच नाही, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जो बुडतो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तोंड दाखवत नाही. आपण पणत्या लावतो त्याच सुमारास त्या गावातला सूर्य वर्षासाठी जातो. मधल्या वसंतात आणि शरदात मात्र आपल्यासारखे रोजचे दिवस-रात्र. म्हणजे वर्षातले चार महिने सूर्य नाही आणि आठ महिने कमीअधिक आहे. टिळकांनी वेदांतून काढलेला सूर्यप्रकाशाचा काळ सात ते दहा महिन्यांचा. आठ त्यात बसतात! दीर्घ रात्र, दीर्घ दिवस, त्यांच्यामध्ये साधे दिवस, आणि सूर्य दक्षिणेच्या बाजूने येणारा; तुरुंगात आणि पुण्यात बसून आखलेले हे आकाश बेटावर जसेच्या तसे आहे. इथे लोकमान्यांना नमस्कार करून पुढे जावे.

पण उषेपाशी आल्यावर पेन्सिल अडखळते. बेटावरची पहाट अशी असते: जानेवारीअखेर भर दुपारी दक्षिणेला क्षितिजाखालून निळसर उजेड येतो, तासाभरात विरतो आणि पुन्हा काळोख. दुसऱ्या दिवशी तोच उजेड थोडा अधिक वेळ. ही पहाट गोल फिरत नाही. दक्षिणेलाच येते आणि दक्षिणेलाच जाते. कारण सोपे आहे. सूर्य क्षितिजाच्या १८ अंश खाली गेला की आकाश पुरते काळे होते. ७९ अक्षांशावर ज्या दिवशी दुपारी सूर्य क्षितिजाला टेकतो, त्याच दिवशी मध्यरात्री तो २२ अंश खाली असतो. मध्ये खरीखुरी रात्र पडतेच. रात्र न पडता पहाटेने क्षितिजावरून संपूर्ण फेरी घालायची तर निदान ८१ अक्षांशाच्या वर जायला हवे. आणि अशा फेऱ्या एकामागून एक तीस व्हायच्या? एका रविवारी मी हा हिशेब कागदावर मांडून पाहिला. उत्तर आले, ८७ अक्षांशाच्या आसपास. जगातली सर्वांत उत्तरेची जमीन ग्रीनलंडच्या टोकाशी, ८४ च्याही अलीकडे संपते. तीस बहिणींचे रिंगण पाहायला जिथे उभे राहावे लागते तिथे पायाखाली खोल समुद्र आहे. हिमयुगात समुद्राची पातळी शेसव्वाशे मीटर उतरली होती हे खरे, पण हजारो मीटरच्या खोलीला तेवढ्याने काय होणार?

नुसत्या हिशेबावर तरी किती भिस्त ठेवावी, याचा एक किस्सा बॅरेंट्सच्याच सफरीत आहे. स्पिट्सबर्गन पाहून तो पूर्वेला गेला आणि नोवाया झेम्ल्या या बेटाशी त्याचे जहाज बर्फात अडकले. लोकांनी वाहत आलेल्या लाकडांचे घर बांधून तिथे हिवाळा काढला. नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य गेला. हिशेबाने तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यायचा. २४ जानेवारी १५९७ रोजी खेरिट दे वेर आणि त्याचे साथीदार धावत आले: आम्ही सूर्याची कड पाहिली! बॅरेंट्सने ऐकून घेतले नाही. पंधरवडा आधी सूर्य येईलच कसा? युरोपातल्या पंडितांनी पुढे शतकानुशतके दे वेरला खोटे पाडले. आज आपल्याला ठाऊक आहे की थंड हवेच्या थरांमधून प्रकाश पृथ्वीच्या बाकाबरोबर वाकत येतो आणि खरा सूर्य पाच अंश खाली असताना त्याचे बिंब वर दिसते. बर्फात उभे राहणाऱ्यांचे डोळे खरे होते. बॅरेंट्स स्वतः त्या जूनमध्ये परतीच्या वाटेवर वारला.

स्पिट्सबर्गनवरचा पहिला मानवी हिवाळा त्याहून हृद्य आहे. १६३० च्या उन्हाळ्यात देवमाशांच्या शिकारीला आलेल्या इंग्रज जहाजांपैकी एकाची आठ माणसे चुकून मागे राहिली. त्यांत एडवर्ड पेल्हॅम नावाचा खलाशी होता. सारी हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. मोठ्या झोपडीच्या आत त्यांनी लहान झोपडी बांधली. रेनडिअर, अस्वले, वॉलरस मारून खाल्ली. ते संपत आले तेव्हा चरबी कढवून उरलेला देवमाशाचा चोथा खाल्ला. शिशाच्या पत्र्याचे दिवे केले, त्यांत देवमाशाचे तेल घातले आणि दोराच्या सुतळीच्या वाती केल्या. दिवाळीच्या आकाशकंदिलापेक्षा त्या तीन दिव्यांची किंमत अधिक होती. त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे १४ ऑक्टोबरला गेलेला सूर्य ३ फेब्रुवारीला परत आला, आणि त्या दिवशी या खलाशाने काय लिहावे? डोंगरांच्या शिखरांना सोन्याचा मुलामा चढल्याचे आणि अरोरा देवी शय्येवरून उठून हसल्याचे वर्णन त्याने केले. अरोरा म्हणजे लॅटिनांची उषा. शब्दसुद्धा एकाच मुळाचे. साडेतीन महिने काळोखात काढलेल्या माणसाला पहाट ही बाई दिसली. टिळकांच्या वाचनात हा उतारा आला असता तर त्यांनी तो नक्की साक्षीला घेतला असता. मात्र त्यातच एक अडचण आहे. पेल्हॅमला ही अरोरा बर्फाने दिली नव्हती. ती रोमच्या कवींची, बारमाही सूर्य उगवणाऱ्या देशातली. तो ती सोबत घेऊन आला होता.

आता जनावरांकडे वळतो, कारण मला खरे कुतूहल त्यांचेच. या बेटावर जमिनीवर राहणारे मूळचे सस्तन प्राणी दोनच: रेनडिअर आणि ध्रुवीय कोल्हा. पांढरे अस्वल तिसरे धरावे तर ते अर्धे समुद्राचे. बर्फाच्या तुकड्यांवर बसून सीलची वाट पाहण्यात त्याचा जन्म जातो. गावाबाहेर पडताना आजही लोक बंदूक बरोबर घेतात. इथला रेनडिअर आखूड पायांचा, गोलमटोल, गाढवाएवढाही उंच नाही. त्याचा पूर्वज पाच-सहा हजार वर्षांपूर्वी पूर्वेकडून बर्फावरून चालत आला असावा. माणसांनी त्याची इतकी शिकार केली की १९२५ साली बंदी घातली तेव्हा तो नामशेष होण्याच्या बेतात होता. आज संख्या २२,००० च्या आसपास आहे. या प्राण्याने दीर्घ रात्रीशी जे जुळवून घेतले आहे ते ऐकून मी थक्क झालो. उन्हाळ्यात आणि भर हिवाळ्यात त्याचे दिवस-रात्रीचे वेळापत्रकच बंद पडते. भूक लागली की खातो, रवंथ करतो, पुन्हा खातो, चोवीस तासांचा संबंध नाही. रेनडिअरच्या डोळ्याच्या मागचा चमकदार पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो, तो हिवाळ्यात निळा होतो आणि डोळा अंधुक उजेड अधिक टिपू लागतो. डोळ्याच्या आत ऋतू बदलतो! देवांच्या अहोरात्रात राहणारा कोणी असेल तर हाच.

पक्ष्यांत बारा महिने जमिनीवर टिकणारा एकच, तित्तिराच्या जातीचा टार्मिगन. शरदात तो इतकी चरबी साठवतो की चालता येते याचे नवल वाटावे, आणि हिवाळाभर पिसांसकट पांढरा होऊन बसतो. बाकी सगळे पाहुणे. लिट्ल ऑक नावाचे काळेपांढरे चिमुकले पक्षी लाखोंनी डोंगरांच्या फुटक्या दगडांत अंडी घालतात. समुद्रातले बारीक जीव खाऊन ते डोंगरावर विष्ठा टाकतात आणि त्या खतावर डोंगराच्या पायथ्याशी हिरवे शेवाळ व गवत माजते. रेनडिअर आणि हंस तिथेच चरतात. समुद्राने जमिनीला असे खत घालणे मी कोकणातही पाहिलेले नाही. झाड म्हणाल तर नाही. ध्रुवीय वाळुंज आहे, पण ते माझ्या करंगळीहून फारसे वर जात नाही. आणि सुरय! आपल्या समुद्रकिनाऱ्यावर दिसणाऱ्या सुरय पक्ष्याचा हा भाऊ उत्तरेचा उन्हाळा संपला की पृथ्वी ओलांडून दक्षिण ध्रुवाच्या समुद्रावर जातो आणि तिथला उन्हाळा घेतो. दीर्घ रात्रीचा सगळा प्रश्न त्याने पंखांनी सोडवला आहे. घरट्याजवळ गेले की तो डोक्यावर चोच मारतो म्हणे.

देवमाशांची गोष्ट मात्र दुःखाची. १६११ पासून इंग्रज आणि लगेच डच या खाड्यांत आले. ग्रीनलंडचा देवमासा संथ, जाड चरबीचा, दोनशे वर्षेही जगू शकणारा. मेल्यावर तरंगतो, म्हणून मारायला सोयीचा. त्याची चरबी कढवायला डचांनी वायव्य टोकाच्या बेटावर जी वस्ती उभारली तिचे नाव स्मीरेनबर्ग, आपल्या भाषेत चरबीनगर. युरोपातले दिवे आणि साबण त्या तेलावर चालले, तिथल्या बायकांच्या चोळ्यांच्या कांबी त्याच्या तोंडातल्या पट्ट्यांच्या झाल्या. १६६० च्या सुमारास चरबीनगर ओस पडले. खाड्यांत देवमासे उरले नव्हते. ते अजूनही पूर्वीसारखे परतलेले नाहीत.

हे सगळे सांगण्याचे कारण असे. ऋग्वेदात गाय आहे, घोडा आहे, लांडगा आहे, सिंह आहे, हंस आहे. पावसाळ्यात डरांव डरांव करणाऱ्या बेडकांवर अख्खे सूक्त आहे. ज्या लोकांनी बेडूकही सोडले नाहीत त्यांनी वॉलरस, सील, पांढरे अस्वल आणि लाखो पक्ष्यांचे कडे कसे सोडले असते? टिळकांचे यावर उत्तर आहे, आणि ते दुर्बळ नाही. सूक्ते पुष्कळ नंतर, दक्षिणेकडच्या देशांत रचली गेली. मूळ घराच्या फक्त आठवणी त्यांत उरल्या. शिवाय त्यांचे ध्रुवाकडचे घर आजच्या बर्फातले नव्हेच. आंतरहिमकालात तिथे सदा वसंत होता, मग हिम आले आणि घर मोडले. याचा काळ त्यांनी दिला इसवी सनापूर्वी दहा ते आठ हजार वर्षे.

इथे नंतरच्या भूशास्त्राने निकाल दिला आहे. दहा हजारांच्या घरातला तो आकडा टिळकांनी अमेरिकन भूशास्त्रज्ञांच्या हिमयुगाच्या हिशेबावरून घेतला, आणि आकडा बराच बरोबर निघाला. हिमयुग सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी संपले. पण घर मोडायला त्या सुमारास हिम आले नाही, ते ओसरत होते. वीस हजार वर्षांपूर्वी स्पिट्सबर्गन जाड बर्फाखाली दडपलेले होते. बर्फ हटल्यावर तिथला समुद्र काही काळ आजच्याहून कोमट झाला, इतका की निळ्या शिंपल्या तिथे राहू लागल्या. त्यांची कवचे किनाऱ्यावर सापडतात. बेटावर दगडी कोळसा आहे, रुंद पानांचे ठसे आहेत, म्हणजे अरण्येही होती. पण ती कोट्यवधी वर्षांपूर्वीची, माणूस नावाचे जनावर जन्मण्याच्या पुष्कळ आधीची. या दोन उष्ण काळांची गल्लत करून चालत नाही. आणि स्पिट्सबर्गनवर बॅरेंट्सच्या आधीच्या वस्तीचा खात्रीचा पुरावा आजवर मिळालेला नाही.

मग एवढ्या उत्तरेला प्राचीन माणूस नव्हताच का? होता. सैबेरियाच्या उत्तरेला झोखोव नावाचे लहानसे बेट आहे, ७६ अक्षांशावर. तिथे १९८९ पासून रशियन पुरातत्त्वज्ञ पिटुल्को यांनी उत्खनन केले आणि सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आणली. टिळकांनी दिलेल्या काळाच्या अगदी जवळची! ते लोक कुत्र्यांच्या घसरगाड्या वापरत. त्यांच्या उकिरड्यात हाडे सापडली ती रेनडिअरची आणि पांढऱ्या अस्वलांची, ढिगांनी. दीर्घ रात्र आणि दीर्घ उषा त्यांनी खरोखर पाहिली होती. त्यांची सूक्ते असतील तर ती आपल्यापर्यंत आलेली नाहीत, आणि आली असती तर त्यांत गायी नसत्या, अस्वले असती.

लोकमान्यांशी वाद घालणे पुण्यात नवे नाही, म्हणून हे लिहिण्याचे धारिष्ट केले. पुण्याच्याच नारायण भवानराव पावगी यांनी १९१५ साली ग्रंथ लिहून उलट बाजू मांडली: मूळ घर आर्यावर्तातच, ध्रुवाकडे गेल्या त्या इथल्या वसाहती. मला पावगींचे म्हणणेही पटत नाही. पण लोकमान्यांच्या हयातीत, त्यांच्याच गावात, कोणी त्यांना ठणकावून नाही म्हणू शकत होता, ही गोष्ट मला त्या ग्रंथाइतकीच मोलाची वाटते. आज त्या वाड्यावरून जाताना आपण टोपी काढतो आणि पुस्तक मात्र उघडत नाही.

नि-ओलेसुंद हे गाव कोळशाच्या खाणीचे. १९६२ साली स्फोटात २१ कामगार गेले आणि पुढल्या वर्षी खाण बंद झाली. आता तिथे निरनिराळ्या देशांची संशोधन केंद्रे आहेत. २००७ साली आपली पहिली तुकडी तिथे गेली आणि १ जुलै २००८ रोजी ‘हिमाद्री’ हे भारताचे केंद्र उघडले. त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेतून चालतो. समोरच्या खाडीचा बर्फ २००६ पासून पूर्वीसारखा धरत नाही. १९७१ पासूनच्या अर्धशतकात बेटाचे तपमान तीन ते पाच अंशांनी चढले आहे. हजार वर्षे नाहीशा झालेल्या निळ्या शिंपल्या २००४ साली पुन्हा सापडल्या. तिथल्या बर्फाचा आणि आपल्या पावसाचा धागा शोधणे हे ‘हिमाद्री’चे एक काम आहे.

पंधरा वर्षे आपले लोक तिथे हिवाळ्याबाहेरच जात. २०२३ च्या डिसेंबरात पहिली हिवाळी तुकडी निघाली. तिच्यात पुण्याच्या पाषाणातल्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेचाही भाग होता. टिळकांच्या ग्रंथाला तेव्हा १२० वर्षे झाली होती. ते गेले तेव्हा सूर्याला जाऊन दोन महिने होत आले होते. दुपारी बारालाही तारे. तुकडी सुमारे महिनाभर राहून जानेवारीच्या मध्याला परतली. दक्षिणेचा निळा उजेड उघड्या डोळ्यांना चांगला दिसू लागायला अजून पंधरवडा होता.